घरी जोडलेला पीसी चालू होत नाही: भाग खराब आहे की जोडणी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महिनोन्‌महिने पैसे साठवून, एकेक भाग जमवून, रात्री बारापर्यंत बसून जोडलेला पीसी बटण दाबल्यावर गप्प बसला की पोटात गोळा येतो. गेली बरीच वर्षं मी नातेवाइकांसाठी, मित्रांसाठी आणि आता मित्रांच्या मुलांसाठी पीसी जोडतोय, बंद पडलेले बघायलाही जातो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. माझा आग्रह एकच आहे. कुठलाही भाग ‘गेला’ असं ठरवण्याआधी त्याला बाकीच्यांपासून वेगळा काढून तपासा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चांगला भाग वॉरंटीत पाठवला तर आठवडे जातात, तो ‘ठीक आहे’ म्हणून परत येतो आणि खरा बिघाड घरीच बसलेला असतो. हे मुलांच्या बाबतीत घडताना पाहिलंय, आणि फार वाईट वाटतं.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. ना पंखा फिरला, ना दिवा लागला. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जळाला का?

बहुतेक वेळा नाही. आधी त्याच प्लगमध्ये टेबलफॅन लावून बघा. मग एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण बघा; गोल खूण म्हणजे बंद, उभी रेघ म्हणजे चालू. हे बटण बंद राहिल्यामुळे मला रात्री फोन आलेले आहेत आणि करणारी मंडळी हुशार होती, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका.

यानंतर २४ पिनांचा मोठा कनेक्टर. नव्या मदरबोर्डवर तो इतका घट्ट असतो की अर्धा बसला तरी पूर्ण बसल्यासारखा वाटतो. बोर्डाला खालून हाताचा आधार द्या आणि क्लिप अडकल्याचा आवाज येईपर्यंत दाबा. प्रोसेसरची ८ पिनांची केबल बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते. ती राहून गेली तर काही बोर्डांवर पंखे फिरतात आणि पडदा मात्र काळा राहतो.

तरीही शांतता असेल तर संशय कॅबिनेटच्या बटणावर. त्या बटणाची दोन पिनांची बारीक वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात लागते. बोर्डासोबतच्या पुस्तिकेतला नकाशा बघून जागा पक्की करा, वायर काढा आणि त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. शॉक बसत नाही, तिथे ५ व्होल्टपेक्षा जास्त काही नसतं. पीसी सुरू झाला तर बिघाड बटणात किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. तोवर रीसेटच्या बटणाची वायर तिथे लावून काम भागतं.

शेवटचं कारण कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर टेकवून स्क्रू लावतो ते छोटे खांब. बोर्डाला जिथे भोक नाही तिथे एखादा स्टँडऑफ राहिला असेल तर तो बोर्डाच्या मागच्या बाजूला टेकून शॉर्ट करतो. पंखा एकदा हलतो आणि थांबतो, हे अशा शॉर्टचं एक लक्षण आहे. बोर्ड बाहेर काढून स्टँडऑफ मोजा.

एसएमपीएस एकटाच तपासता येतो का?

येतो, पण अर्धाच. २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६ क्रमांकाची पिन जमिनीला, म्हणजे शेजारच्या १५ किंवा १७ क्रमांकाच्या पिनेला जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवाय सुरू होतो. जुन्या एसएमपीएसमध्ये १६ नंबरची वायर हिरवी आणि शेजारच्या काळ्या असतात. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा जोडणीसाठी अंदाजाने कागदाची क्लिप खुपसू नका. पुस्तिकेतली आकृती बघा किंवा बाजारात मिळणारा साधा एसएमपीएस टेस्टर वापरा. काही कंपन्या यासाठी छोटी टोपी खोक्यातच देतात. जोडणी मुख्य बटण बंद ठेवून करायची आणि मग चालू करायचं. एसएमपीएसचा स्वतःचा पंखा कमी भारावर मुद्दाम बंद राहू शकतो, म्हणून कॅबिनेटचा एखादा पंखा त्याला जोडून ठेवा. तो फिरला की कळतं.

मल्टिमीटर असेल तर १२ व्होल्टच्या वायरीवर ११.४ ते १२.६, ५ व्होल्टच्या वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्टच्या वायरीवर साधारण ३.१४ ते ३.४६ एवढं दिसायला हवं. याबाहेर गेला तर एसएमपीएस बहुधा खराब. आत राहिला तर मात्र एवढंच कळलं की भार नसताना तो ठीक आहे. खेळताना कोसळणारा एसएमपीएस या चाचणीत बिनदिक्कत पास होतो.

आणि कृपा करून एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर विद्युतभार काही काळ टिकून राहू शकतो. जिवाशी खेळ आहे.

जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावल्या तर चालतात का? कनेक्टर तर बसतोय.

नाही. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या केबलचं बोर्डाकडचं टोक सगळीकडे सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेवर काय येतं याचा कुठलाही समान नियम नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. कनेक्टर बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन एसएसडी आणि हार्ड डिस्क क्षणात मरतात. त्यातला डेटाही जातो. एकाच वेळी दोन डिस्क मेल्या असं कोणी सांगितलं की मी पहिला प्रश्न केबल कुठून आणली हाच विचारतो.

पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही. आता?

सगळ्यांत जास्त फोन याच कारणासाठी येतात आणि सगळ्यांत जास्त चांगले भाग याच कारणाने परत पाठवले जातात. म्हणून इथे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, थांबा. डीडीआर५ रॅमचा बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमच्या सिग्नलची वेळ जुळवून घेतो. त्याला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पडदा काळाच असतो. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरच्या सुरुवातीच्या बोर्डांवर तर हे फारच रेंगाळायचं. लोक घाबरून मधेच बंद करतात आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. घड्याळ लावून १५ मिनिटं हात लावू नका. चहा घ्या.

दुसरी, मॉनिटरची केबल. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डातच लागली पाहिजे, बोर्डावर नाही. कार्ड नसेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स आहे का ते तपासा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल, म्हणजे आय५-१२४००एफसारखा, तर त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६००मध्ये नाही, ५६००जीमध्ये आहे. एफ नसलेल्या रायझन ७०००मध्ये कामापुरतं आहे. असा बिनग्राफिक्सचा प्रोसेसर बोर्डाच्या एचडीएमआयला जोडून ‘बोर्ड डेड आला’ म्हणणारे कितीतरी भेटले. मॉनिटरचा इनपुटही हाताने निवडून बघा.

तिसरी, रॅम. एकच पट्टी ठेवा आणि ती प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर त्याच स्लॉटचं नाव ए२ असतं. दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पट्टी दोन्ही टोकांना दाबायची, आणि बऱ्याच बोर्डांवर क्लिप एकाच बाजूला असते म्हणून दुसरं टोक अर्धवट वर राहतं. एका पट्टीने चालत नसेल तर तीच काढून दुसरी लावा. मग स्लॉट बदला. कोणती पट्टी कोणत्या स्लॉटमध्ये असताना काय झालं, हे कागदावर लिहा. डोक्यात ठेवलं तर अर्ध्या तासाने गोंधळ होतोच.

चौथी, बायोसची (बोर्डावरच्या, पीसी सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामची) सेटिंग पुसणं. प्लग काढा, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, तेवढ्यात एकदा कॅबिनेटचं बटण दाबून उरलेली वीज निघू द्या आणि मग सेल परत लावा.

पाचवी, बायोसची आवृत्ती. दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या बोर्डाला नंतर आलेला प्रोसेसर ओळखता येत नाही. बी६५० बोर्ड आणि रायझन ९०००, बी६६० बोर्ड आणि इंटेलची तेरावी पिढी, बी४५० बोर्ड आणि रायझन ५०००, या जोड्या सॉकेटमध्ये (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेत) बसतात, पण बोर्डावर जुना बायोस असेल तर सुरू होत नाहीत. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून नवा बायोस टाकता येतो आणि त्याला प्रोसेसरही चालू असावा लागत नाही. फाइलचं नाव पुस्तिकेत सांगितलंय तसंच्या तसं ठेवायचं, आणि त्या काही मिनिटांत लाईट जाणार नाही एवढं बघायचं.

हे सगळं करूनही काही नाही, तर सगळं बाहेर काढा. बोर्ड त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. चंदेरी पिशवीवर ठेवू नका, ती वीज वाहू शकते. फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस जोडा. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नसेल तरच. एसएसडी नको, कॅबिनेटच्या वायरी नकोत, यूएसबीला काही नको. इथे डिस्प्ले आला तर एकेक भाग परत जोडत जा. ज्या भागानंतर बंद पडेल, तिथे शोध सुरू करा.

बोर्डावर सीपीयूच्या नावाचा लाल दिवा लागतो. म्हणजे प्रोसेसर गेला ना?

तो दिवा एवढंच सांगतो की बोर्ड त्या पायरीवर अडकला. सीपीयूचा दिवा ८ पिनांची केबल नसली तरी लागतो, बायोस जुना असला तरी लागतो, सॉकेटची पिन वाकली तरी लागतो. नवा प्रोसेसर खरोखर मृत येणं फार विरळ आहे. सगळ्या भागांत मी त्याच्यावर सर्वांत शेवटी संशय घेतो. डीरॅमचा दिवा रॅम, तिचा स्लॉट किंवा सॉकेट याबद्दल बोलतो. व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्सचा दिवा कार्ड नीट बसलं नाही किंवा त्याची वीजकेबल राहिली असं सुचवतो. बूटचा दिवा नव्या पीसीवर लागणं अगदी स्वाभाविक आहे, कारण अजून विंडोज टाकलेलंच नाही.

दिवे नसलेला स्वस्त बोर्ड असेल तर पन्नासेक रुपयांचा छोटा स्पीकर आणून लावा. बीप किती आणि लांब की आखूड ते मोजा, आणि अर्थ त्याच बोर्डाच्या पुस्तिकेत बघा; सगळ्या बायोसचे संकेत एकसारखे नसतात. एक उपयोगी खूण सांगतो: रॅम पूर्ण काढून पीसी सुरू केल्यावर बोर्डाने बीप देऊन तक्रार केली, तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान जिवंत आहेत.

सॉकेटच्या पिना वाकल्यात का हे कसं ओळखायचं?

प्रोसेसर काढा, मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि फोटो काढून मोठा करून बघा. सरळ पिना रांगेत सारख्या चमकतात. वाकलेली पिन ती नक्षी मोडते. आधी एका दिशेने, मग आडव्या दिशेने बघा. रॅमची एक बाजूच दिसत नसेल, म्हणजे ३२ जीबीपैकी १६च दिसत असेल आणि पट्ट्या दोन्ही चांगल्या असतील, तर वाकलेली पिन हे नेहमीचं कारण आहे. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले तरीही असंच होतं, म्हणून आधी ते सगळे सारखे आवळून बघा.

एएम४ (एएमडीच्या जुन्या रायझनचं सॉकेट) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात आणि त्या जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूहळू सरळ करता येतात. त्या सॉकेटवरून कूलर काढताना सरळ वर ओढू नका. प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट चिकटल्यामुळे लॉक बंद असतानाच प्रोसेसर उपसून येतो. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा.

इंटेलच्या आणि एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटच्या बोर्डावर पिना बोर्डातच असतात, केसासारख्या बारीक. हात स्थिर असणाऱ्याने भिंगाखाली सुईने सरळ केल्याची उदाहरणं आहेत, पण वॉरंटी तिथेच संपते हे धरून चाला. हात लावण्याआधी फोटो काढा.

रॅम खोडरबराने पुसायची का?

जुन्या पीसीत हो, नव्यात सहसा गरज नाही. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवा इतकी दमट असते की वर्षा-दोन वर्षांत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर दिसायला लागतो. पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकं पुसा, कण झटका आणि शक्य असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने शेवटचा हात फिरवा. खरखरीत शाईचं खोडरबर वापरू नका, सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

रॅम खरंच खराब आहे का हे मात्र पुसून कळत नाही. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवा. एक जरी चूक आली तरी ती चूकच; ‘एकच तर आहे’ म्हणून सोडू नका, तीच पुढे फाइल बिघडवते. पण चाचणी दोनदा करायची. आधी एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारी बायोसमधली सेटिंग) बंद ठेवून, म्हणजे रॅम तिच्या मूळ वेगावर. तिथे चूक आली तर पट्टी खराब असण्याची शक्यता मोठी, आणि तिला दुसऱ्या स्लॉटमध्ये टाकून खात्री करता येते. मूळ वेगावर स्वच्छ आणि एक्सएमपी लावल्यावर चुका, तर पट्टी मेलेली नाही; तो वेग हा बोर्ड आणि हा प्रोसेसर मिळून पेलत नाहीयेत. चार पट्ट्या लावल्या की डीडीआर५मध्ये हे हमखास दिसतं. दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या, दिसायला जुळ्या असल्या तरी, एकत्र नांदतीलच असं नाही.

पीसी छान चालतो, पण गेम लावला की दहा मिनिटांत एकदम बंद होतो. एसएमपीएस बदलू का?

बदलायच्या आधी तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: उष्णता, वीज आणि कार्ड.

उष्णतेपासून सुरुवात करा, कारण ती फुकट तपासता येते. एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम लावून तापमान बघा. रायझन ७००० जोरात असताना ९५ अंशांपर्यंत जायला बनवलेलाच आहे आणि इंटेलचे हल्लीचे डेस्कटॉप प्रोसेसर १०० ते १०५ अंशांवर स्वतःला आवरतात, त्यामुळे कामाच्या वेळी दिसणाऱ्या आकड्यांनी घाबरू नका. पण नुसत्या बायोसच्या पडद्यावर ८० दिसत असतील तर कूलर बसलेला नाही. कूलरच्या तळाची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म काढायची राहणं ही चूक मी स्वतः केलेली आहे. वाटाण्याएवढी पेस्ट, फिल्म काढलेली, स्क्रू फुलीच्या क्रमाने आणि पंखा सीपीयू फॅन लिहिलेल्या जागी, एवढं पुरतं. मे महिन्यात विदर्भात खोलीच ४० अंशांवर असते आणि कुठलाही हवेचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, हेही लक्षात घ्या.

उष्णता ठीक असेल तर चाचणीच्या प्रोग्रामांनी भार वेगवेगळा टाका. सिनेबेंच किंवा प्राइम९५ फक्त प्रोसेसरवर, फरमार्क फक्त कार्डावर, मग ओसीसीटीमधली पॉवर चाचणी दोन्हींवर. दोन्ही वेगवेगळे टिकतात आणि एकत्र कोसळतात, तर बोट एसएमपीएसकडे जातं. फक्त कार्डावर कोसळत असेल तर कार्ड, त्याची केबल किंवा एसएमपीएस; अशा वेळी एकाच केबलच्या दोन शेपट्या लावल्या असतील तर त्या काढून दोन स्वतंत्र केबल लावा.

आणि यूपीएस! आपल्याकडे घराघरांत ६०० व्हीएचा यूपीएस असतो. तो सहसा ३६० वॉटच देतो. मॉनिटर आणि मधल्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी मिळून गेममध्ये ते ओलांडू शकतात. शिवाय लाईट गेल्यावर स्वस्त यूपीएस जी चौकोनी लहर देतो ती काही नव्या एसएमपीएसना मानवत नाही. एकदा पीसी थेट भिंतीवरच्या प्लगला लावून बघा. बंद पडणं थांबलं तर हजारो रुपये वाचले.

विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतो म्हणून एसएमपीएस खराब, असं अनेक जण सांगतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की पीसी रीतसर बंद झाला नव्हता. तुम्ही प्लग उपटला तरी तीच नोंद येते.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा पीसी आहे. गेम ‘व्हिडिओ मेमरी संपली’ म्हणून बंद पडतात. कार्ड खराब आहे का?

इथे जरा थांबा, कारण हा संदेश फसवा आहे. या दोन पिढ्यांच्या ६५ वॉट आणि त्यावरच्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू अस्थिरता येते, हे इंटेलने २०२४मध्ये मान्य केलं. ऑगस्ट २०२४मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिले, ते बायोस अपडेटमधून येतात. बिघाड प्रोसेसरचा असताना लोक ग्राफिक्स कार्डं बदलत बसले, कारण संदेशात व्हिडिओ मेमरीचं नाव होतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकताना किंवा मोठी झिप उघडताना चुका येणं ही आणखी एक खूण.

बायोस आजच अपडेट करा. मात्र झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. लक्षणं तरीही राहिली तर प्रोसेसर वॉरंटीत द्या. खोक्यातून विकलेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवून एकूण पाच केली आहे. तोपर्यंतचा तात्पुरता पडताळा म्हणून बायोसमध्ये प्रोसेसरचा कमाल वेग थोडा उतरवून बघा. गेम टिकायला लागले तर संशय बळावतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टरही पेटतो. एसएमपीएस लीक आहे का?

बहुतेक वेळा नाही, घराचं अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थकडे जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किंचित वीज जमिनीत जाते. नसेल तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. वीज अगदी थोडी असते म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण एसएमपीएसमध्ये खरंच बिघाड झाला तर वाचवायला काहीच उरत नाही. एचडीएमआय केबल लावताना ठिणगी पडून टीव्हीचा किंवा कार्डाचा पोर्ट जाऊ शकतो.

जुन्या चाळींत, भाड्याच्या खोल्यांत, गावाकडच्या घरांत तीन भोकांचा प्लग असतो पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. वायरमनला बोलवा. फेज ते अर्थ मोजल्यावर फेज ते न्यूट्रलइतकंच, म्हणजे २३०च्या जवळ यायला हवं, आणि न्यूट्रल ते अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट. तिसरी पिन काढून दोन पिनांचा जुगाड करू नका. पन्नास-साठ हजारांच्या पीसीमागे अर्थिंगचा खर्च किरकोळ आहे, आणि घरात लहान मुलं असतील तर हा प्रश्न पीसीपुरता राहतच नाही.

नवी एसएसडी दिसत नाही.

बायोसमध्ये दिसते का ते आधी बघा. दिसत असेल आणि विंडोजमध्ये नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती सुरू करून घ्यावी लागते. नवी डिस्क आपोआप ‘डी’ म्हणून उगवत नाही. विंडोज टाकतानाच दिसत नसेल आणि प्रोसेसर इंटेलच्या अकराव्या किंवा त्यानंतरच्या पिढीचा असेल, तर बायोसमधलं व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची सोय) बंद करा किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्या. चालू असलेल्या विंडोजवर मात्र ते परस्पर बंद करू नका, विंडोज उघडणार नाही.

बायोसमध्येही नसेल तर स्लॉट बदला. एम.२ आकाराच्या (पट्टीसारख्या, थेट बोर्डात बसणाऱ्या) एसएसडी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. काही बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की साटाचे एक-दोन पोर्ट बंद होतात. तेव्हा नवी एसएसडी लावल्यावर जुनी हार्ड डिस्क ‘गेली’ असं वाटतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये सी७ची (केबलवरच्या चुकांची) नोंद वाढत असेल तर डिस्कआधी साटाची केबल बदला. ०५ आणि सी५ (डिस्कवरच्या खराब जागांच्या नोंदी) वाढत असतील तर आजच बॅकअप घ्या.

ग्राफिक्स कार्डावर रंगीत ठिपके, चौकोन दिसतात.

त्या वेळी स्क्रीनशॉट घ्या आणि मोबाइलवर उघडा. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल किंवा मॉनिटर बघा. त्यातही ठिपके असतील तर कार्ड किंवा ड्रायव्हर. बायोसच्या पडद्यावरही ठिपके दिसले तर ड्रायव्हर सुटला, कारण तो तिथे चालतच नाही. १६ पिनांचा नवा कनेक्टर असलेल्या कार्डांवर फट अजिबात राहू देऊ नका आणि केबल तोंडाशीच वाकवू नका. अर्धवट बसलेले कनेक्टर वितळल्याची प्रकरणं जगभर झाली आहेत.

कार्डातून किर्रर्र आवाज येतो.

कॉइलचा, म्हणजे कार्डावरच्या तारेच्या गुंडाळीचा आवाज आहे. त्रासदायक, पण बिघाड नाही.

बदलून बघायला दुसरा भाग घरात नाही. मग तपासायचं कसं?

हीच खरी अडचण आहे, दुकानदाराकडे ढीगभर भाग असतात आणि आपल्याकडे एकेकच. कॉलेजमध्ये किंवा सोसायटीत तुमच्याच सॉकेटचा पीसी असलेला एक जण शोधा आणि संशयित भाग त्याच्या चालू पीसीत लावा. रॅम आणि कार्ड निर्धास्त लावता येतं. संशयित एसएमपीएस मात्र मित्राच्या पीसीला लावू नका. उलट त्याचा चांगला एसएमपीएस त्याच्याच केबलसकट आपल्या पीसीला लावा. नाहीच जमलं तर बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकत्र घेऊन दुकानात जा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर थोडे पैसे घेऊन समोर तपासून देणारे सापडतात. भाग नजरेआड जाऊ देऊ नका आणि जाण्याआधी अनुक्रमांकांचे फोटो काढा.

भाग खराबच निघाला. दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा, कंपनी म्हणते दुकानदाराकडे.

बिल, अनुक्रमांकाचा फोटो, खोकं उघडतानाचा व्हिडिओ आणि चाचण्यांचा तुमचा तो कागद एकत्र ठेवा. तक्रार फोनवर न करता ईमेलवर करा, आणि ‘चालत नाही’ असं न लिहिता नेमकं लिहा: ‘मूळ वेगावर, ए२ स्लॉटमध्ये, दुसऱ्या बोर्डावरही मेमटेस्टमध्ये चुका येतात, पहिली पट्टी त्याच स्लॉटमध्ये स्वच्छ आहे.’ असं पत्र गेलं की समोरचा ‘विंडोज पुन्हा टाकून बघा’ म्हणत नाही. माझा एक बोर्ड दोनदा ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत आला होता. तिसऱ्यांदा असा तक्ता आणि मिनिटभराचा व्हिडिओ जोडला, तेव्हा बदलून मिळाला.

टोलवाटोलवी थांबली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

बोर्ड पाठवताना सॉकेटवरची प्लास्टिकची टोपी लावायला विसरू नका. ती नसेल तर वाटेत पिन वाकली आणि दोष तुमच्या माथी आला असं होऊ शकतं. पीसी जोडला त्या दिवशी ती टोपी कचऱ्यात न टाकता बोर्डाच्या खोक्यातच ठेवून द्या.